जुबेदाची गाडी, चोपन्न पायऱ्या

मला दुपारची झोप मोडलेली खपत नाय. चाळीस वर्षं हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात उभ्यानं काम केलं. आता रोह्याला मुलाच्या बिल्डिंगीत जरा आडवा होतो, तर होऊ द्या ना बाबांनो! पण त्या जेठात जिन्यात आवाज सुरू झाला. ठक. ठक. ठक. एका दुपारी मी दार उघडून ओरडलोच, "कोण हाय रे? बिल्डिंग पाडायला घेतली काय?"

वरच्या मजल्यावरची आमना होती. तिचा नवरा नासिर कुवेतला असतो. मागच्या सुट्टीत त्यानं पोरीसाठी चार चाकांची बाबागाडी आणलेली. ती गाडी ही बाय तिसऱ्या मजल्यावरून एकेक पायरी आपटत उतरवत होती. आमच्याकडं लिफ्ट नाय, वरपासून खालपर्यंत चोपन्न पायऱ्या. माझं टाळकं सटकलं.

"काय गो, कुवेतची थेरं इथं कशाला? बाईमाणसाला देवानं कड कशाला दिली हाय? पोरीला मार कडेवर आणि चालू लाग!"

गाडीवरची ओढणी तेवढी तिनं बाजूला केली.

आत दहा महिन्यांची जुबेदा. कमरेपासून पावलांपर्यंत पांढरं प्लास्टर, दोन्ही पाय फाकवलेले आणि मध्ये आडवी काठी. माझ्याकडं बघून दोन दात काढून हसत होती.

"जन्मापासून खुबा निसटलेला हाय, काका," आमना म्हणाली. "पेणच्या डॉक्टरनी बसवलाय. तीन महिने जागेवर राहिला पायजे. परत निसटला तर चिरून ऑपरेशन, आणि तरी पोर लंगडणार नाय याची खात्री नाय. कडेवर बसत नाय ती. हातात घेतली तर काठी कठड्याला अडकते. दर गुरवारी दाखवायला न्यायचीय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझी जीभ गप बसते थोडीच!

"अगो, मग अशी आपटतेस काय? प्लास्टर हाय ते! जन्म गेला माझा त्यात."

आमच्या कारखान्याची एक रीत होती, ती तिला तिथंच जिन्यात सांगितली. मूर्ती पायरीवर टेकवायची नाय, कलती करायची नाय. वळणावर मूर्ती फिरवायची नाय, माणसांनी तिच्याभोवती फिरायचं. आणि नव्या गड्याच्या हातात मूर्ती द्यायचीच नाय. त्याला नुसता पाट द्यायचा, त्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या, आणि सांगायचं, माळ्यावरून उतर खाली. पाणी सांडलं की त्या दिवशी साचे धुवायचे. मी दीड महिना साचे धुतलेत, खोटं कशाला बोलू?

"पण त्याला दोन माणसं लागतात, काका."

"मी हाय ना!" मी छाती काढून म्हटलं. गाडीचा खालचा दांडा धरला, तिनं वरचा. सहा पायऱ्या उतरलो आणि माझ्या उजव्या गुडघ्यानं दगा दिला. मटकन खाली बसलो. हातातून दांडा सुटला. वर बघतो तर गाडी तशीच अधांतरी. आमनानं एकटीनं धरून ठेवलेली.

"बसा काका, मी धरलंय," ती म्हणाली, जसं काय मीच आजारी!

मुलगा कंपनीत, त्याची गुरवारी सकाळची शिफ्ट. सून शकू सहा महिन्यांची पोटुशी. खालचे भाडेकरू दाराला कुलूप लावून गेलेले. म्हणजे आमनाला जे करायचं ते एकटीनंच.

चार दिवसांनी बघतो तर आमच्या मजल्यापर्यंतचा जिना ओला. "कोणी सांडलं पाणी? म्हातारा पडून मरायला हवाय काय?" मी बोंब ठोकली. शकू हळूच म्हणाली, "बाबा, ओरडू नका. आमना हाय. जुबेदाला माझ्याकडं झोपवून जाते रोज."

वाकून बघितलं. गाडीत पोर नव्हतीच. दहा किलो तांदळाची पिशवी ठेवलेली, आणि बाटली ठेवायच्या कड्यात काठोकाठ भरलेला पेला. आमना पायरीवर बसली होती. गाडी मांड्यांवर सपाट घेतलेली. बसल्या बसल्या एक पायरी सरकायची, थांबायची, पेल्याकडं बघायची, मग पुढची. वळणावर गाडी सपाट जागी टेकवून ही तिच्याभोवती फिरायची. पंजाबी ड्रेस मागून पार घासून निघालेला. माझी रीत दोघांची होती. या पोरीनं ती एकटीची करून टाकली! चाळीस वर्षांत कुणा गड्याला सुचलं नाय ते.

मी दार लावून घेतलं आणि डोळे पुसले.

आठवड्यात जिना कोरडा दिसायला लागला.

दीड महिन्यानं जुनं प्लास्टर काढून नवीन घातलं. श्रावणाचे दिवस, हवा दमट, कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते. मी मोठ्या उत्साहात मुलाचा हॅलोजन दिवा घेऊन वर गेलो. "ओलं प्लास्टर पावसाळ्यात असं वाळत नाय गो. आम्ही ऐन सीझनला मूर्तीपुढं हाच लावायचो. तासाभरात खणखणीत!" आणि बटण दाबलंसुद्धा.

आमना मध्ये येऊन उभी राहिली. "नाय काका. डॉक्टरनी वाऱ्यावरच वाळवायला सांगितलंय. बंद करा."

"तू मला प्लास्टर शिकवणार?"

"प्लास्टर तुम्हालाच कळतं," ती म्हणाली. आवाज चढला नाय, पण ती हललीही नाय. "पण तुमच्या मूर्तीच्या आत कोण नसतं, काका. वरून वाळेल, आत माझी पोर भाजेल."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. घाईघाईनं बटण बंद केलं. एवढी अक्कल पाजळली, पण हे डोक्यात आलंच नव्हतं. मग काय, मान खाली घालून बसलो आणि संध्याकाळपर्यंत हातपंख्यानं वारा घातला. जुबेदा पंखा धरायला बघत होती.

शेवटच्या गुरवारी मीपण निघालो. भाड्याच्या गाडीवाल्या काळुरामची इको व्हॅन खाली उभी. आमनानं कड्यात भरलेला पेला ठेवला. म्हटलं, "आज कशाला गो?" म्हणाली, "आजच पायजे." मी कठडा धरून पुढं उतरत होतो, हात नुसते तयार ठेवून. एकदाही लागले नाय. चोपन्नाव्या पायरीवर पेला बघितला. थेंब सांडला नव्हता.

पेणला आणखी एक जिना. हाडांचा डॉक्टर आणि दवाखाना पहिल्या मजल्यावर! लंगड्यांनी काय उडत यायचं? पण आमना तोही तशीच चढली, पाठमोरी, पायरीपायरीनं वर सरकत. बाकावरचे पेशंट उठून बघत होते. मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, ही आमच्या बिल्डिंगीतली हाय म्हणून.

आत करवत घरघरली. जुबेदानं टाहो फोडला. मी बाहेर गणपतीबाप्पाचं नाव घेत होतो, एका बाजूला अल्लालाही हाक मारली, म्हटलं कुणीतरी ऐका. अर्ध्या तासानं आमना बाहेर आली. मागून डॉक्टर म्हणाले, "खुबा अगदी जागेवर बसलाय. प्लास्टरला साधा तडा नव्हता, कमाल आहे. आता पट्टा बांधायचा आणि पोरीला कडेवर असं घ्यायचं, पाय फाकवून." आणि त्यांनी हात करून दाखवलं.

रोह्याला परतलो. मी रिकामी गाडी काखेत मारली, तेवढी झेपत होती मला. आमना पुढं चढत होती. जुबेदा तीन महिन्यांनी पहिल्यांदाच तिच्या कडेवर, दोन्ही बारके पाय आईच्या कमरेला मिठी मारून, आणि तोंड माझ्याकडं करून हसत.

आमच्या दाराशी आमना थांबली. वळली. डोळे भरलेले, पण आवाज अगदी माझ्यासारखा काढला तिनं.

"काय ओ काका, बाईमाणसाला देवानं कड कशाला दिली हाय?"

मी गाडी जिन्यात ठेवली आणि भर दुपारी, सगळ्या बिल्डिंगीची झोपमोड करत, मोठ्यानं रडलो.