दिलदारभाईंचे बारा धडे

कृष्णात चौगले एस.टी.त कंडक्टर होते. कोल्हापूर–चंदगड गाडीवर त्यांची एकवीस वर्षं गेली. बावन्नाव्या वर्षी घशात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याच्या तळाशी एक भोक राहिलं आणि श्वास तिथून सुरू झाला. तोंडातून आवाज येणं बंद झालं. पाच महिने ते घरात वहीवर लिहून बोलत होते. पुढं पुढं लिहायचंही त्यांनी सोडलं, कारण लिहून होईपर्यंत बोलणाऱ्यांचा विषय बदललेला असायचा.

दवाखान्यातल्या एका सिस्टरनं त्यांच्या बायकोला, वर्षाराणीला, मंगळवार पेठेतल्या एका टेलरचं नाव सांगितलं होतं. दिलदार मुजावर. शाळांचे गणवेश शिवणारा, सत्तरीला आलेला माणूस. त्याचंही हेच ऑपरेशन अकरा वर्षांपूर्वी झालं होतं. वर्षाराणी एक दिवस नवऱ्याला ओढतच दुकानात घेऊन गेली.

"या पावणं, बसा," दिलदारभाई म्हणाले. "सोडा घ्या."

आवाज जाड होता, रांजणात तोंड घालून कोणी बोलावं तसा. पण शब्द स्पष्ट होते. कृष्णातरावांनी त्यांच्या बंद कॉलरकडं बघितलं.

"मला बी भोक आय," दिलदारभाई म्हणाले. त्यांनी बोटानं हवेत 'ह' काढला. "याला छातीतलं वारं लागतं, ते आपल्याला नाय. बाकी सगळं येतं. वारं गिळायचं आणि ढेकरासंगं शब्द सोडायचा. सोडा त्यासाठीच."

कृष्णातराव तिथंच रडले. रडण्यालाही आवाज नव्हता, म्हणून बाहेर उभ्या गिऱ्हाइकाला काही कळलं नाही.

सहा महिने ते रोज दुपारी दुकानात गेले. आधी नुसता 'प', मग 'पाटी', 'टाका', 'काका'. दिवाळीपर्यंत एका घोटात दोन शब्द निघू लागले. दुकानात आणखीही माणसं यायची, पण टिकायची नाहीत. आजऱ्याची एक बाई तीनदा आली आणि मग यायची थांबली. एवढा प्रवास गळ्यातल्या भोकाला सोसत नव्हता, धुळीनं खोकला लागायचा.

"लांबचं माणूस मधीच सुटतंय," दिलदारभाई एकदा म्हणाले.

कृष्णातरावांनी वारं गिळलं. "व्हिडिओ," ते म्हणाले. "करू."

दिलदारभाईंची सून आफशीन दुकानाच्या मागच्या खोलीत फॉल-पिकोचं काम करायची. तिनं आपला मोबाइल दिला आणि चॅनेल उघडलं. नाव ठेवलं 'पुन्हा बोलू'.

पहिला व्हिडिओ बावीस मिनिटांचा झाला. दिलदारभाई मशीनजवळ बसून आपलं दुखणं, मुंबईचे दिवस, डॉक्टरांचे उपकार असं सगळं सांगत गेले. मागं रस्त्यावरचे हॉर्न. आठ दिवसांत एक्केचाळीस जणांनी बघितला, त्यातले निम्मे घरचेच. आफशीननं आकडे नीट पाहिले. बहुतेकांनी पहिल्या मिनिटातच सोडून दिलं होतं.

"अब्बा," ती म्हणाली, "राग मानू नका. ज्याचा आवाज गेलाय त्याला तुमची कहाणी नको हाय. आवाज कसा काढायचा तेवढंच पायजे. आणि तुमचं बोलणं हॉर्नमध्ये ऐकूच येत न्हाय."

दिलदारभाईंना ते लागलं. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उरलेल्या सुटिंगच्या कापडांचे चार थर शिवून त्यांनी एक जाड पडदा केला, मागच्या खोलीच्या दाराला लावला आणि एका कागदावर बारा ओळी लिहिल्या. बारा धडे. एका धड्यात एकच गोष्ट, चार मिनिटांच्या वर नाही. पहिल्या ओळीत 'वारं गिळणं' होतं आणि आठव्यात 'एका घोटात तीन शब्द'.

दुसऱ्या धड्याखाली कोणीतरी लिहिलं, की बोलताना भोकातून फुसफुस येते ती चूक की बरोबर, ते कॉलरमुळं दिसत नाही. उघडून दाखवा.

"ते व्हायचं नाय," दिलदारभाई म्हणाले. "सलिमाशिवाय कुणी बघितलं नाय ते."

सलिमा म्हणजे त्यांची बायको. कृष्णातरावांनी आपल्या गळ्यावरचा रुमाल सोडला आणि स्टुलावर जाऊन बसले. तिसरा धडा त्यांच्या उघड्या गळ्यावर झाला. दिलदारभाई बाजूला उभं राहून बोटानं दाखवत होते: इथून वारा जोरात आला तर शब्द बुडतो.

तो व्हिडिओ मात्र खूप जणांनी बघितला. कोणीतरी त्यातले वीस सेकंद कापले, मागं बेडकांचं डरावणं जोडलं आणि ते गावभर मोबाइलवर फिरवलं. कृष्णातरावांचा मुलगा यशराज दुचाकींच्या शोरूममध्ये कामाला होता. तिथं त्याच्यासमोरच कोणीतरी ते लावलं. हसणाऱ्यांना हा त्याचा बाप हे माहीत नव्हतं. यशराजनंही सांगितलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला आणि चप्पल न काढताच उंबऱ्यात उभा राहिला.

"पप्पा, तो व्हिडिओ काढून टाका."

कृष्णातरावांनी खुणेनंच त्याला आत बोलावलं.

"लोक हसाय लागल्यात तुम्हाला. गळ्यातलं भोक दाखवायची काय गरज होती? बोला की काहीतरी."

कृष्णातरावांनी वारं गिळलं. घाईत ते नीट बसलं नाही. दुसऱ्यांदा गिळेपर्यंत यशराज जिना उतरून गेला होता. तयार झालेला शब्द तोंडात तसाच राहिला. वर्षाराणी कणीक मळता मळता थांबली.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी हात जोडले. "माझं बास."

दिलदारभाईंनी समजूत घातली नाही. आफशीनला हाक मारली, मागच्या खोलीत गेले, स्टुलावर बसले आणि शर्टाची वरची तीन बटणं काढली. अकरा वर्षांत ऊन न लागलेली कातडी पांढुरकी पडली होती. मधलं भोक श्वासाबरोबर उघडमीट करत होतं. आफशीननं मान फिरवली, मग पुन्हा मोबाइल धरला.

"तुमचा एकट्याचा गळा का दिसावा," ते कृष्णातरावांना म्हणाले. "चल आफशीन, चौथा धडा."

त्यानंतर बास हा विषय निघाला नाही. दर गुरुवारी एक धडा. बघणारे थोडेच होते, शंभर-सव्वाशे. पण खाली येणारे प्रश्न खरे होते. जेवल्यावर किती वेळानं सराव करावा, एका मुलीनं विचारलं. तिच्या वडिलांनी नऊ महिन्यांनी 'पाणी' म्हटलं होतं.

सातव्या धड्यानंतर दिलदारभाईंना धाप लागू लागली. दुखणं फुप्फुसात उतरलं होतं. अंथरुणावरूनच आठवा धडा करायचा त्यांचा हट्ट होता. आफशीन मोबाइल घेऊन बसलीही, पण सलिमानं तिचा हात खाली केला.

"श्वास पुरत न्हाय त्यांना," ती म्हणाली. "गिळायला वारं कुठलं आणू?"

फेब्रुवारीत दिलदारभाई गेले.

चॅनेलवर दोन महिने काही आलं नाही. खाली लोक विचारत होते, आठवा धडा कधी? शिकवणारा माणूसच राहिला नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आफशीनला लिहवेना. एक दिवस तिनं कृष्णातरावांना बोलावून घेतलं. "काका, अम्मीला विचारा. ठेवायचं का काढायचं, मला कळत न्हाय."

सलिमा भिंतीला टेकून बसली होती. कृष्णातरावांनी एकेक शब्द काढत विचारलं. ती घाई न करता ऐकत होती. असं ऐकायची सवय तिच्याइतकी त्या गावात कोणाला नसेल.

"मी बघितलं न्हाय त्यातलं काय," ती म्हणाली. "बघवणार न्हाय आताच. पण काढू नका. अकरा वर्षं त्याच आवाजात माझ्याशी भांडलेत. आधीचा आवाज कसा होता, आता आठवत बी न्हाय मला. माझ्यासाठी हाच त्यांचा आवाज."

मग बारा ओळींच्या कागदाकडं बोट करून म्हणाली, "आणि ते पाच राहिल्यात, ते कोण करणार?"

तीन शब्द एका घोटात कृष्णातरावांना अजून येत नव्हते. जे स्वतःला येत नाही ते शिकवायचं कसं? आठ दिवस त्यांनी सकाळ-संध्याकाळ सराव केला. तिसरा शब्द तुटतच राहिला.

तरी गुरुवारी ते पडद्याआड स्टुलावर बसले. रुमाल सोडला.

"दिलदारभाई गेले," ते म्हणाले. थांबले. वारं गिळलं. "धडे चालू." पुन्हा गिळलं. "राणार."

ह आला नव्हता. त्यांनी तो तसाच सोडला आणि धडा सुरू केला. 'पाटी टाक काका.' सहा वेळा म्हटलं, सहाही वेळा 'काका' घशात बुडाला. सातव्यांदा तिन्ही शब्द आले. आफशीन म्हणाली, आधीचे सहा कापून टाकते.

"ठेव," कृष्णातराव म्हणाले.

त्या धड्याखाली नेहमीपेक्षा जास्त लिहिलं गेलं. दिलदारभाईंसाठी बऱ्याच जणांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. आणि तीन-चार जणांनी जवळजवळ एकच गोष्ट लिहिली होती: आम्हाला वाटत होतं की फक्त आमचाच शब्द तुटतो. दिलदारभाईंसारखं आपल्याला जमणार नाही म्हणून एकानं तर सराव सोडला होता, तो पुन्हा सुरू करतो म्हणाला. कृष्णातरावांनी ते दोनदा वाचलं. तेव्हा त्यांना कळलं की अर्धं शिकलेल्या माणसालाही शिकवायला काही असतं.

यशराज व्हिडिओबद्दल पुन्हा कधी बोलला नाही. माफीही मागितली नाही. पण बापाला काही विचारलं की तो आता उत्तर येईपर्यंत उभा राहायचा.

पुढचे धडे पावसाळ्यापर्यंत झाले. एकूण अकरा. बाराव्या ओळीत दिलदारभाईंनी नुसतं 'ह' लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्यांनाही तो कधी आला नव्हता. तो धडा कृष्णातरावांनी केला नाही, आणि तसं चॅनेलवर सांगून टाकलं.

चॅनेल मोठं झालं नाही. अडीचशे माणसं असतील. दवाखान्यातली ती सिस्टर मात्र आता घरी सोडताना पेशंटच्या कागदावर त्याचं नाव लिहून देते आणि दर बुधवारी कृष्णातरावांना तिथं बोलावते.

परवा चंदगडकडचा एक माणूस होता, चाळिशीचा, गळ्यावर ताजी पट्टी. मांडीवर पाटी, तिच्यावर काही लिहिलेलं नाही. कृष्णातरावांनी त्याच्यासमोर मोबाइल धरला. दिलदारभाई दिसले. म्हणाले, "ओठ मिटा. वारं आत ढकला. प म्हणा."

त्या माणसानं ओठ मिटले. आवाज आला नाही. त्यानं कृष्णातरावांकडं बघितलं आणि मान हलवली.

कृष्णातरावांनी व्हिडिओ थांबवला, खुर्ची जवळ ओढली आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून त्याला पुन्हा एकदा दाखवलं.