रुमालांनी फुगवलेली ज्योत

त्या रविवारी बागेत पाचशे माणसं होती. एरवी मी पाच हजार सांगितली असती, पण आज थापा नाहीत. मनिलाचा कचरा मी वीस वर्षं ज्या डोंगरावर चिवडला, तोच मातीने झाकून ही बाग केलेली. तिथे ब्रदर एल्पिडियोच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात, जमिनीच्या भेगेतून निळी ज्योत निघे.

"संतांचा श्वास!" तो गरजे. "भिंतीबाहेरच्या पाइपला रुमाल घासा, अंगावरून फिरवा, मग त्याच पाइपच्या तोंडात कोंबा. आजार आत, तुम्ही मोकळे!"

मूर्तीच्या पायांना रुमाल घासायची आमची जुनी सवय, पाइपलाही घासला. रुमाल वाढले, ज्योत वाढली. आणखी काय पुरावा हवा?

त्या दिवशी रोसेंदाच्या सात वर्षांच्या लेकीचा, तिनायचा दमा जाळायचा होता. ज्योत विझवून, खिडक्यांच्या फटींत ओली फडकी ठासून ब्रदरने मायलेकींसह आतून कडी लावली. "श्वास भरू दे! सातव्या प्रार्थनेला मेणबत्ती पेटवतो."

चौथी प्रार्थना चालू असताना बागेतला गॅस तपासणारी निम्फा धावत आली. दाराच्या फटीशी नेताच तिचं यंत्र किंचाळू लागलं.

"ब्रदर, दार उघडा! काडी ओढाल तर छप्पर उडेल!"

"निम्फाताई, तुमचं यंत्र सैतानाला भ्यालंय!" आतून उत्तर आलं. गर्दी हसली.

"ते गॅसला भ्यालंय. तुम्हीही भ्या!"

"गप्प बस गं," एक म्हातारी खेकसली, "सहावी चाललीय!"

निम्फाने पत्र्याला तोंड लावलं. "रोसेंदा, पोर खोकतेय का?"

"नाही गं ताई…" रोसेंदाचा आवाज चिरकला. "गप्प पडलीय."

आत काडेपेटी खुळखुळली. मग फाडकन आवाज झाला. तो रोसेंदाने ब्रदरच्या हातावर मारलेला फटका होता, हे नंतर कळलं. कडी निघाली. रोसेंदा पोरीला छातीशी धरून बाहेर पडली. तिनाय निळी पडलेली. एक क्षण, दोन… मग ती जोरात खोकली. एवढा गोड खोकला मी कधी ऐकला नाही.

ब्रदर म्हणाला, "पाहिलंत? वाचली!"

"बाहेर आल्यावर!" रोसेंदा ओरडली.

निम्फाने पाइपमधून रुमालांचे बोळे उपसले. खोली तासभर उघडी ठेवली, यंत्र गप्प झालं, तेव्हा तिने लांब काठीने भेग पेटवली. ज्योत करंगळीएवढी. बोळे पुन्हा कोंबले. ती गुडघ्याएवढी झाली. काढले, पुन्हा करंगळी.

"खाली कचरा कुजतोय, त्याचा गॅस होतो," ती म्हणाली. "तो हवेत जावा म्हणून हा पाइप. तुम्ही त्याचं नाक दाबलंत, म्हणून तो घरात शिरला."

 ब्रदर एव्हाना फाटकाकडे सरकत होता.

लोकहो, पुन्हा कुठे चमत्कार दिसला तर आधी दार उघडा, पोराला बाहेर काढा आणि विचारा, हे कशानं होतंय? हात जोडायला नंतर पुष्कळ वेळ आहे.