बंद दाराआडची हातोडी

सुभेदार सयाजी पलटणीतून पेन्शनीवर आले ते संशय बरोबर घेऊनच. बारा वर्षं त्यांनी स्टोअर सांभाळलं होतं. चादरी, बूट, कंदील, जे काही हातात येईल ते मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं आणि समोरचा माणूस काहीतरी लांबवणारच हे धरून चालायचं. आष्ट्यात त्यांनी नवं घर बांधायला काढलं तेव्हा गवंड्यापासून पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत कुणी त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. सागवानाच्या पट्ट्या ते सकाळी मोजत, संध्याकाळी पुन्हा मोजत. करवतीखालचा भुसासुद्धा त्यांनी पोत्यात भरून ठेवला होता. तो कशासाठी, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

राहीबाईला या माणसाची धास्ती होती, आणि ती उगीच नव्हती. आकाराम सुतार, म्हणजे तिचा नवरा, आपलं सागवान चोरतो असं सुभेदारांच्या मनानं घेतलं होतं. ते साफ खोटं होतं. पण नवरा-बायको मिळून काहीतरी लपवतात, एवढं मात्र खरं होतं.

आकारामचा उजवा हात दोन वर्षांपासून कापत होता. करवत चाले, रंधा चाले, कारण तिथं दोन्ही हात लागतात. माप तर त्याच्या डोळ्यांतच होतं. अडायचं ते एकाच जागी. दारा-खिडक्यांच्या चौकटींभोवती शोभेची बारीक पट्टी बसवतात, तिला बारीक खिळे मारताना हातोडी सूतभर जरी सरकली तरी पट्टीवर नखासारखा वळ उठतो आणि तो पॉलिशनंही जात नाही. हात गेलेल्या सुताराला चौकटीचं काम कोण देणार? म्हणून दोन वर्षं ते खिळे राहीबाई मारत होती.

तिचा बाप आटपाडीचा सुतार. त्याला मुलगा नव्हता, म्हणून हाताखाली हीच असायची. खिळा मारण्याआधी तो उलटा धरून टोकावर हातोडीचा हलका ठोका द्यायचा, हे तिला बापानं शिकवलं होतं. टोक बोथट झालं की लाकूड चिरत नाही. मग खिळा पट्टीच्या आत दाबायचा आणि वर भुसा आणि लाकूड चिकटवायचा सरस यांचा लगदा भरायचा. राहीबाईनं मारलेला खिळा दुसऱ्या दिवशी तिचा तिलाही सापडत नसे.

दार लावून घ्यायला सरसाचं निमित्त होतं. वाऱ्यानं सरस गार पडतो, धरत नाही, हे खरंच आहे. आकाराम प्रत्येक घरात तेच सांगायचा. राहीबाई शेगडीवर सरस गरम ठेवायला बरोबर येते, असं गावाला माहीत होतं. आत गेल्यावर ती कडी लावायची, बांगड्या कोपराकडं सारून त्यांना फडकं गुंडाळायची आणि हातोडी उचलायची. बांगड्या वाजल्या की संपलंच.

सुभेदारांच्या घरातल्या आतल्या दोन खोल्या अशा पार पडल्या. तिसऱ्या खोलीच्या वेळी सुभेदार दारातच खुर्ची टाकून बसले.

"आकाराम, मी कडी वाजिवली की हातोडी थांबती. मी गेलो की फिरून सुरू. ही कुठली रीत?"

"सरसाकडं बगावं लागतं, सुभेदार."

"सरस बगायला तुझी बायको हाय की. उद्यापासनं दार उघडं ऱ्हाईल. तुला जमत नसंल तर दुसरा सुतार हाय गावात."

त्या रात्री आकाराम जेवला नाही. सकाळी उठून मात्र म्हणाला, "सांगलीला जायचं. तू बी चल."

टायरवाल्या सिद्धूनं त्याच्या कानावर एक गोष्ट घातली होती. सांगलीत जोतीराम म्हणून एक जुन्या यंत्रांचा दुकानदार होता. लोणंदकडं खोकी बनवणारा कुणाचा तरी कारखाना बंद पडला होता, तिथून त्यानं खिळे मारायच्या दोन बंदुका आणल्या होत्या. हवेवर चालणाऱ्या. टायरमध्ये हवा भरायच्या टाकीची नळी जोडली की झालं, हातोडीची गरजच नाही. दार उघडं ठेवून, चारचौघांत, आकाराम स्वतः खिळे मारू शकणार होता.

एसटीत राहीबाई खिडकीशी बसली. नवऱ्याचं नाव राहणार म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर तिला त्या न पाहिलेल्या बंदुकीचा राग आला होता. दोन वर्षं ती बंद दाराआड का होईना, बापाचं काम करत होती. आता पुन्हा शेगडी आणि सरस.

जोतीराम गोड बोलणारा निघाला, आणि तिथंच आकारामच्या मनात पाल चुकचुकली.

"ही थोरली घ्या, मिस्त्री. बोटाएवढा खिळा एका दणक्यात आत. पुन्हा असली गवसायची न्हाई."

"कारखाना बंद का पडला?" आकारामनं विचारलं.

"भावाभावांचं भांडान. बंदुकीचा काय दोष?"

"आन् ही धाकली मागं कशापाई ठेवलीया?"

"ती नाजूक हाय. तुमी सुतार मानसं, तुमाला दणकट पायजे."

राहीबाईला वाटलं, थोरली खपत नसणार, म्हणून हा आपल्या गळ्यात मारतोय. पण धाकटीची तो निंदा करतोय तीही कदाचित आपण ती मागावी म्हणूनच. जोतीरामच्या तोंडाकडं पाहून काही कळेना, म्हणून तिनं लाकडाकडं पाहायचं ठरवलं.

आकारामनं पिशवीतून सागवानी पट्टीचे दोन तुकडे काढले. जोतीरामनं टाकी सुरू केली. थोरली बंदूक आकारामनं दोन्ही हातांनी धरली तरी तिच्या वजनानं मनगट खाली जात होतं. तोंड इतकं रुंद, की खिळा कुठं बसणार ते दिसेना. दणका बसला आणि पट्टी टोकापर्यंत उभी चिरली.

"पट्टी लय सुकी हुती," जोतीराम म्हणाला.

"चौकटीची पट्टी वली कोण लावतंय?" आकाराम म्हणाला.

मग धाकटी घेतली. तिचं तोंड पेन्सिलीएवढं निमुळतं होतं. ते आधी लाकडावर टेकवायचं, दाबायचं आणि मग घोडा ओढायचा. आकारामचा हात नेहमीसारखाच कापत होता, पण टेकवलेलं तोंड जागचं हलेना. बारीकसा फट् आवाज झाला आणि खिळा आत गेला. वळ नाही, चीर नाही. आकाराम त्या जागेकडं बघत राहिला. दोन वर्षांत त्यानं मारलेला तो पहिला सरळ खिळा होता.

राहीबाईनं खिळ्यांची पट्टी हातात घेतली. तारेसारखे बारीक खिळे एकमेकांना चिकटवलेले होते. टोकं टोकदार नव्हती, छिन्नीसारखी चपटी होती. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला तिच्या बापाला माहीत होतं ते माहीत होतं. तिला उगीचच त्या परक्या माणसाबद्दल बरं वाटलं.

"खिळं संपल्यावर?" तिनं विचारलं.

"धा डबे देतो. फुडं मुंबईस्नं मागवायचे." जोतीरामनं तिला जरा निरखून पाहिलं. "वहिनीस्नी लय कळतंय यातलं."

"ती सरस तापवती," आकाराम घाईनं म्हणाला.

मग तो तिच्याकडं वळला. "कुठली घ्यायची?"

एक क्षण राहीबाईच्या मनात वाईट विचार आला. थोरली म्हटलं असतं तर त्यानं थोरली घेतली असती, कारण हात गेल्यापासून त्याचा तिच्यावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता. थोरलीनं चार पट्ट्या फोडल्या असत्या आणि हातोडी पुन्हा तिच्याकडं आली असती.

"धाकली," ती म्हणाली. "आन् हवा कमी ठेवून मारायची. जास्त झाली तर पट्टीतनं आरपार जाईल."

तिसऱ्या दिवशी सिद्धूची हवेची टाकी हातगाडीवर घालून सुभेदारांच्या अंगणात आली. मागोमाग निम्मी गल्ली आली. आकारामनं तिसऱ्या खोलीत, म्हणजे पुढच्या सोप्यात, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि सगळ्यांच्या देखत खिळे मारायला सुरुवात केली. फट्, फट्. दुपारपर्यंत जे व्हायचं ते तासाभरात झालं. राहीबाई कोपऱ्यात शेगडी फुंकत बसली होती. नवऱ्याची मान इतकी ताठ तिनं कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. तिला आनंद झाला, आणि आत कुठंतरी रडूही आलं.

सुभेदार मात्र चौकटीपाशी येऊन बसले. त्यांनी चष्मा लावला आणि पट्टीवरून बोट फिरवलं. प्रत्येक खिळ्याच्या जागी तांदळाच्या कणीएवढी आडवी खाच होती. लगदा भरला होता तरी जागा कळत होती. एका गाठीपाशी खिळा वळून बाजूनं जरासा डोकावला होता. सुभेदार उठून आतल्या खोलीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तेव्हा राहीबाईच्या लक्षात आलं की आपलं काय चुकलं. बंदूक निवडताना त्यांनी वजन पाहिलं, तोंड पाहिलं, खिळ्याचं टोक पाहिलं. पण नव्या कामाशेजारी जुनं काम उभं राहणार, आणि ते पाहणारा माणूस सुभेदार असणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"आकाराम," सुभेदार बाहेर आले. "आतल्या दोन खोल्यांत मला एक बी खिळा गवसंना. भिंग लावून बगितलं. ते काम तुझं न्हाई."

आयुष्यभर संशय घेऊन सुभेदार पहिल्यांदाच बरोबर निघाले होते.

"माजंच हाय," आकाराम म्हणाला.

"सागवान न्हाई चोरलंस, मोजलंय मी. पर कारागीर चोरून आनलास. मागल्या खिडकीतनं आत घेत हुतास, म्हनून दार बंद. नाव तुझं आन् हात दुसऱ्याचा. कोन हाय त्यो?" त्यांनी पेटीतली हातोडी उचलून आकारामपुढं धरली. "आन् हात तुझाच आसंल तर घे. मार एक खिळा."

आकारामनं हातोडी घेतली. राहीबाईला उठून ती त्याच्या हातातून काढून घ्यावीशी वाटली, पण मग सगळंच उघडं पडलं असतं. त्यानं खिळा धरला, श्वास रोखला आणि मारला. पट्टीवर वळ उठला. दुसरा ठोका त्याच्याच बोटावर बसला. सिद्धूनं कुणी न सांगताच हवेची टाकी बंद केली. आता आकारामचा हात कापताना सगळ्यांना दिसत होता.

गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "आगं आई, ह्याचा तर हात गेलाय."

आकारामनं मान वर केली नाही. तो शेगडीपाशी आला आणि हातोडी राहीबाईपुढं धरली, दांडा तिच्याकडं करून.

"हिचा हात हाय, सुभेदार. दोन वर्सं. आतलं समदं हिनं केलंय. दुसरा कोन न्हाई."

राहीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी माणसं आपल्याकडं बघतायत याची लाज वाटली. त्या लाजेच्या पोटात थोडा आनंदही होता, आणि त्या आनंदाची तिला जास्तच लाज वाटली, कारण तो नवऱ्याची अब्रू जाऊन मिळालेला होता. ती उठली. सवयीनं तिचा हात कमरेच्या फडक्याकडं गेला, आणि तिथंच थांबला. आता कुणापासून लपवायचं?

तिनं डब्यातला एक साधा खिळा घेतला, उलटा धरला आणि टोकावर ठोका दिला.

"टोक कशाला मोडलंस?" सुभेदारांना राहवलं नाही. "चांगला खिळा हाय त्यो."

"लाकूड चिरू न्हाई म्हनून, मामा," ती म्हणाली. त्यांच्याशी ती पहिल्यांदाच बोलली होती.

तीन ठोके. खिळा आत गेला. तिनं तो खाली दाबला, बोटानं लगदा भरला आणि बाजूला झाली. सुभेदारांनी चष्मा सारखा केला, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. जागा सापडेना तसे ते वैतागले, मग सरळ उभे राहिले.

"थोरल्या दाराची पट्टी ऱ्हायलीया," ते म्हणाले. "ती बंदुकीनं न्हाई मारायची."

एवढंच. शाबासकी द्यायची त्यांना सवय नव्हती. संध्याकाळी त्यांनी पट्ट्या मोजल्याच, कमी भरल्या नाहीत तेव्हा पुन्हा मोजल्या. गल्लीत काहीजण हसले, काहींनी आकारामला नावं ठेवली, आणि पुढच्या आठवड्यात ठरलेलं एक काम हातचं गेलं. हे सगळं होणार हे राहीबाईला त्या वेळीही दिसत होतं.

पण ती थोरल्या दारापाशी गेली तेव्हा आकारामनं आधी पट्टी मापून धरली, तिला हवी तिथं पेन्सिलीची खूण केली, आणि मग शेगडीपाशी जाऊन सरस हलवत बसला. दार सताड उघडं होतं. वारा येत होता, म्हणून तो मधूनमधून सरसावर हात आडवा धरत होता. राहीबाई खिळे मारत होती आणि प्रत्येक ठोक्याला तिच्या बांगड्या वाजत होत्या.