रेघेपुढचा आकडा

तिने दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि एकदमच सुरू केली. डावीकडच्यावर दिवा लागला. उजवीकडचं ढिम्म.

तान्ह्या बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणारी ही यंत्रं संध्याकाळच्या गाडीने इस्पितळात जायची होती.

"दोन्हींतला प्रोग्राम एकच," तिच्याबरोबर काम करणारा लंबू म्हणाला. "टूलचेनही एकच. नाव बघ ना, ताई."

टूलचेन म्हणजे मोठ्या संगणकावर बसून या चिमुकल्या यंत्रांसाठी प्रोग्राम घडवायची अवजारं. त्यांचं पॅकेज बांधणं हे तिचं काम. ती बाळंतपणाच्या रजेवर असताना लंबूने सांभाळलेलं. पॅकेजच्या नावात आधी कंपायलरची, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या अवजाराची आवृत्ती, मग रेघ, मग ऑफिसचा स्वतःचा आकडा. आत टाचणीएवढं काही बदललं तरी रेघेपुढचा आकडा वाढवायचा, हा नियम तिनेच घातलेला.

दोन्हीकडे रेघेपुढचा आकडा दोनच होता.

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण झोपेतच हसणाऱ्या लेकीकडे बघताना वाटतं तसं कुतूहल वाटत होतं. हे आता कशाला, असं. तिने दोन्ही पॅकेजं उघडून पाहिली. कंपायलर तोच, उजवीकडे पायाची लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम ज्याच्या आधाराने चालतो तो तयार कोड, मात्र नवी. यंत्रात होती जुनी. मग प्रोग्राम चालणार कसा?

"लायब्ररी बदललीस?"

"पुढच्या मॉडेलला नवीच लागणार आहे."

"मग आकडा वाढवायला काय झालं होतं? विसरलास?"

"विसरायची सोय आहे का? कपाटाच्या दारावर चिकटवून गेलीस नियम."

ती हसली. लंबू मात्र हातातला स्क्रूड्रायव्हर उगाच फिरवत राहिला.

"आकडा वाढवला की संगणक विचारतो, पॅकेज कोणाचं. बांधणाऱ्याचं नाव घालावं लागतं. साहेब तेव्हा म्हणत होते, ती काही आता परत यायची नाही. माझं नाव एकदा लागलं असतं, तर तुझं काम..."

  तिने जुन्या पॅकेजने उजवीकडचा प्रोग्राम पुन्हा बांधायला लावला, आणि तो होईपर्यंत दोघंही पडद्यावरच्या ओळी सरकताना बघत राहिले. उजवीकडचं यंत्र जागं झालं तेव्हा साहेब मागे येऊन उभे होते.

"जमलं वाटतं?"

"हो. गाडीत भरायला घ्या म्हणावं." तिने लंबूच्या पॅकेजला नवा आकडा दिला: तीन. पडद्यावर प्रश्न आला, पॅकेज कोणाचं. तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

"ताई, साहेब बघतायत," तो कुजबुजला.

"बघू देत. बांधलंस तू ना?"

त्याने एकेका बोटाने आपलं नाव टाइप केलं.

"म्हणजे टूलचेन आता याच्याकडे?" साहेबांनी विचारलं.

"तीन त्याचं," ती खुर्ची टेबलाशी ओढत म्हणाली. "चारचं काम मी सुरू केलंय."

लंबूने तिच्या लॅपटॉपकडे पाहिलं. तिथे चारचं अजून काहीच उघडलेलं नव्हतं. तो उठला, आणि यंत्रं उचलायच्या निमित्ताने साहेब आणि तो लॅपटॉप यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला.