घंटाफुलांचं पहिलं वर्ष

"बारीक बी गं बाई, फुंकरीनं उडायाचं,
माती घालून वरून नको त्याला बुडवायाचं..."

आईचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. परसात उकिडवी बसून, तळहातावरच्या धुळीएवढ्या बियांवर ओणवी होऊन ती गायची. गाणं कसलं, आम्हा दोघी बहिणींना दिलेली ताकीदच ती. घंटाफुलाच्या बीला उजेड लागतो. ते बारीक वाळूत मिसळून मातीवर नुसतं शिंपडायचं, तळव्यानं हलकं दाबायचं, पाणी खालून पाजायचं. आणखी एक ताकीद होती, पण ती गाण्यात नव्हती: "फूल डोळ्यांनी बघायचं. पान तोंडात घालायचं नाही." शेजाऱ्यांच्या बकरीनं एकदा कुंपणातून मान घालून दोन-चार पानं ओरबाडली होती. संध्याकाळी ती आडवी झाली ती पुन्हा उठलीच नाही.

आई आजारी पडली तसं परस वाळून गेलं, आणि ती गेल्यावर तिच्या डब्यात बियांच्या दोनच पुड्या निघाल्या. एक घंटाफुलाची, दुसरी लोकरीपानाची. लोकरीपान म्हणजे आमच्या घरचं खोकल्याचं झाड. मऊ, लवदार पान, उकळून प्यायचं. दोन्ही झाडं एकदा लागली की आपलंच बी सांडून वर्षानुवर्षं त्याच जागी फुटतात, पण पहिल्या वर्षी फुलत नाहीत. नुसती पानांची बैठक मारून बसतात, आणि त्या वयात दोन्हींची पानं जुळ्या बहिणींसारखी. तीच लव, त्याच सुरकुत्या.

ताई शिवणकाम करते. घरातली पुढची खोली तिची, दोन मशिनं, एक आरसा, चिंध्यांची टोपली. गेल्या वर्षी रोपं दोन पानांची झाली तेव्हा आम्ही एकेक उचलून वेगळ्या कपात लावली. बारा या जातीची, बारा त्या जातीची. ताईनं आईस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून प्रत्येक कपात रोवली आणि ट्रे माझ्या हातात दिला.

"धांदरटे, रोज तासभर उन्हाला ठेवायचा. आणि नीट हं. हे गेलं की आईचं म्हणून घरात काही उरत नाही."

"जन्मात काही धड धरलंच नाही जसं मी."

"धरलंस ना. मागे ते दुधाचं भांडं. अगदी फरशी येईपर्यंत धरून होतीस!"

चौथ्या दिवशी ताई कुणाची तरी मापं घ्यायला गेली होती. मी ट्रे घेऊन निघाले आणि मागच्या पायरीवर पाय सरकला. चोवीस कप पालथे. एकेक रोप उचललं, माती भरली, पाणी पाजलं. नशीब बघा, एकही रोप मेलं नाही. फक्त काड्या सगळ्या एका बाजूला पडल्या होत्या.

रुंद पानाची ती लोकरी, निमुळत्या पानाची ती घंटा, असं मी ठरवलं. अर्ध्यावर आल्यावर रुंद आणि निमुळतं यांत मला फरक दिसेना, तरी काड्या रोवत गेले.

"सगळं ठीक?" ताईनं आल्या आल्या विचारलं.

"सगळं ठीक."

दोन शब्द. त्यांच्यावर वर्ष गेलं. लोकरीपानाचा वाफा स्वयंपाकघराच्या दाराशी, घंटाफुलांचा कुंपणाकडे. दोन्हीकडे पानं धरली, थंडीत करपली, पुन्हा फुटली.

या वर्षी थंडी सरली तरी ताईचा खोकला सरेना. सुती कापडाची भुकटी सारखी नाकातोंडात. ती दाराशी वाकून पानं खुडायची, उकळायची आणि सकाळ-संध्याकाळ पेलाभर प्यायची. "कडू झालंय गं यंदाचं पान. आईच्या वेळी असं नव्हतं."

मी ऐकलं. म्हटलं, माती वेगळी असेल.

मग तिचं जेवण तुटलं. दोन घास खाल्ले की मळमळ. एका सकाळी तिनं कापडवाल्याला दारातच धारेवर धरलं.

"पांढरं सांगितलं होतं मी. हे पिवळट काय आणून टाकलंस? गिऱ्हाइकानं माझ्या तोंडावर मारायचं का?"

"ताई, याहून पांढरं घ्यायचं तर ढगच फाडून आणावा लागेल."

"मग मी आंधळी?"

कापडवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कापड उजेडात धरलं. पांढरंशुभ्र. ताईनं ते परत करायला लावलं. मग दिव्याभोवती तिला पिवळी कडी दिसू लागली. मशीन चालवताना तिचा पाय आधी धावायचा, आता तो थांबत थांबत पडू लागला. टक... टक. दोन टाक्यांच्या मधे मी श्वास धरून ऐकत बसायची.

आज सकाळी दाराच्या वाफ्यात एक दांडा वर आलेला दिसला. लोकरीपानाचा दांडा सरळ असतो, कळ्या त्याला घट्ट बिलगून बसतात. या दांड्याच्या कळ्या एकाच अंगाला होत्या, आणि सगळ्या माना खाली घालून.

ताई माझ्यामागे पायरीवर पेला घेऊन बसली होती. "काय गं, कळी आली का?"

मी दांड्यापुढे उभी राहिले. "नाही. किडा होता."

ती फुंकर मारत प्यायली. पेला रिकामा झाल्याचा आवाज मी पाठीनं ऐकला. आत्ता सांगावं, तर वर्षभर काय केलंस, हे आलंच. आईचं शेवटचं बी, आणि त्याचंही मी मातेरं केलं, हेही आलं. ती आत गेल्यावर मी दांडा कापून पाचोळ्याखाली दडपला. ठरवलं, वाफाच उपटायचा. म्हणायचं, कीड लागली. संध्याकाळपासून ती ते पानाचं पाणी पिणार नाही, म्हणजे झालं. कुणाला कळायचं कारण नाही.

सहावं रोप उपटताना मशीन थांबलं. मी वाट पाहिली. पुढचा टाका पडला नाही.

ताई मशीनवर डोकं टेकून होती, ओठ राखेसारखे. कापडवाल्याच्या टेम्पोतून दवाखान्यात आणली. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरून घड्याळाकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"ठोके फार कमी आहेत. काही औषध चालू आहे?"

"औषध कसलं," ताई पडल्या पडल्या पुटपुटली. "शिंकेला गोळी न घेणारी बाई मी."

"खाण्यात काही वेगळं?"

"काही नाही हो. घरचंच."

पानाचं पाणी तिच्या लेखी औषधही नव्हतं, खाणंही नव्हतं.

"मोठ्या रुग्णालयात पाठवते," बाई चिठ्ठी लिहीत म्हणाल्या. "पण कशामुळे झालं ते कळलं नाही, तर तेही अंधारातच चाचपडतील. आणि वेळ फार नाही."

ताईनं मान माझ्याकडे वळवली. "हिला विचारा ना. माझ्या ताटात काय पडतं ते हिच्याइतकं कुणाला ठाऊक?"

माझ्या नखांत अजून माती होती.

"ती रोज पान उकळून पिते," मी म्हणाले. "खोकल्याचं म्हणून. ते खोकल्याचं नाही. ताई, ते घंटाफूल आहे. गेल्या वर्षी ट्रे माझ्या हातून पडला. काड्या मी अंदाजानं रोवल्या. आज सकाळी कळी बघितली तेव्हा मला कळलं होतं. तू तेव्हा पीत होतीस, ताई, आणि मी बोलले नाही."