उदंड म्हणजे किती

“द्वारके, घरात काही कितीही झालं तरी ‘जास्त झालं’ म्हणायचं नाही. ‘पुरे’ तर नाहीच नाही. ‘उदंड आहे’ म्हणायचं. आणि अन्नपूर्णेच्या वाटीत घालायची रोजची तांदळाची मूठ चुकवायची नाही.” एवढं सांगून, सुनेकडून तसं वचन घेऊन सासूबाईंनी डोळे मिटले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेच्या वाटीतले तांदूळ वाढायला लागले.

आधी देव्हारा भरला. मग फरशी दिसेनाशी झाली. द्वारकाबाईंनी सुपासुपानं गल्लीभर वाटले, तर दिवेलागणीच्या आत ते उंबऱ्याखालून परत आले, निवडलेले. कुणी विचारलं की त्या “उदंड आहे” म्हणत, आणि तांदूळ बोटभर चढत. सोमवारपासून दार उघडेना, कारण ते आतल्या बाजूला उघडायचं.

त्रिंबकराव अर्धांगानं वर्षभर खाटेवर होते. तांदूळ आता त्यांच्या छातीला लागले होते.

“आपल्या लग्नात अक्षता कमी पडल्या म्हणून तुझे मामा फुगून बसले होते,” ते म्हणाले. “बघा म्हणावं आता.”

“तोंड मिटा. उष्टे होतील.”

मिरजेहून लेक आली. वासंती. खिडकीच्या गजांतून हात घालून ती ओंजळीओंजळीनं तांदूळ बाहेर काढू लागली.

“आई, ‘पुरे’ म्हण. शेजारच्या पेठेकाकूंनी म्हटलं, त्यांच्याकडेही असंच वाढत होतं ते तिथल्या तिथे थांबलं.”

“थांबलं खरं. पेठेकाकाही थांबले. गुरुवारपासून एका पायात चप्पल घालून उभे आहेत. पापणी हलत नाही.”

“बुडाले तर नाहीत ना.”

द्वारकाबाईंनी पदरानं नवऱ्याच्या गळ्याजवळचे दाणे झटकले. तेवढेच पुन्हा आले.

“उदंड म्हणजे तरी किती गं?”

“पुरून उरेल इतकं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आजी असंच सांगायची.”

वासंतीनं आणखी एक ओंजळ बाहेर टाकली. ती उंबऱ्याखालून आत आली.

दुपारपर्यंत त्रिंबकरावांची हनुवटी बुडाली. त्यांनी मान मागे टाकली.

“अजून किती राहिलंय, द्वारके?”

तो शब्द द्वारकाबाईंच्या ओठांपर्यंत आला. तेवढ्यात त्रिंबकरावांची पापणी लवली. एकदा, मग पुन्हा एकदा. द्वारकाबाई बघत राहिल्या. शब्द त्यांनी गिळला.

“उदंड आहे,” त्या म्हणाल्या.

“बरं,” म्हणून त्रिंबकरावांनी तोंड मिटलं. तांदूळ बोटभर चढले.

खिडकीत वासंतीचे हात तेवढे चालू होते.

मग द्वारकाबाईंना आठवलं, आजची मूठ राहिली होती. नवऱ्याच्या कानाजवळचे मूठभर तांदूळ त्यांनी उचलले, मूठ कपाळाला लावली, आणि देव्हारा असायचा त्या कोपऱ्याकडे, मांड्यांपर्यंतच्या तांदळातून, हळूहळू निघाल्या.