डॅलसला न येण्यासाठी

"म्हणजे सुनावणीसाठी तुम्हाला डॅलसला येणं जमत नाही, असं तुमचं म्हणणं," लवाद म्हणून बसलेले निवृत्त न्यायाधीश थर्लो म्हणाले.

"हो साहेब," समोरच्या खुर्चीतून मार्लीन कोपेत्स्की म्हणाली. खुर्ची डॅलसमध्ये होती.

आयोवातल्या आमच्या गावात मार्लीनचं डोनटचं दुकान. नाव, पाटी, पीठ, पिशव्या सगळं कंपनीचं. पहाटे उठणं तेवढं तिचं. गाव मूळचं चेक लोकांचं, म्हणून दर शुक्रवारी ती डोनटशेजारी खसखशीचे कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, ठेवायची. कंपनीचा इन्स्पेक्टर ड्वेन याने चार खाऊन तोंडी परवानगी दिली होती. पुढे कंपनीत नवे साहेब आले. त्यांना कोलाचे हा करारभंग वाटला आणि ते दुकान काढून घ्यायला निघाले. ड्वेन आता आमच्याच गावच्या वृद्धाश्रमात, नाकात प्राणवायूची नळी. साक्ष द्यायला तो एका पायावर तयार होता, पण ती खाटेवरूनच.

आयोवाचा कायदा म्हणतो, दुकान आयोवात तर तंटाही आयोवातच सोडवायचा. करार म्हणतो, कंपनीच्या गावी, डॅलसला. आणि तंटा कुठे सोडवायचा यावरच तंटा झाला तर? तोही डॅलसला.

"अगं, जमत नाही हे सांगायला स्वतः जा," तिचे वकील वाव्हरा म्हणाले होते. ते एरवी मृत्युपत्रं आणि शेतांच्या हद्दी बघत. "कागद काय, कुणीही पाठवतं." आमच्याकडे लग्नाला यायला जमणार नाही, हे सांगायलासुद्धा लोक गाडी काढून जातात. मार्लीनला सल्ला पटला. वाव्हरांना शेजारी बसवून ती गाडी हाकत आली.

"रस्ता बरा होता ना?" कंपनीच्या वकील व्हिटकोमबाईंनी आपुलकीनं विचारलं.

"छान होता. कॅन्ससमध्ये जरा धुकं लागलं, एवढंच."

व्हिटकोमबाईंनी लिहून घेतलं.

"आणि दुकान?"

"बहीण बघते. गुणाची आहे."

तेही लिहून घेतलं. वाव्हरांनी डोळे मिटले.

"साहेब, आयोवाचा कायदा," ते म्हणाले, "ज्यांना लांब येणं परवडत नाही..."

"त्यांच्यासाठी आहे, कबूल," थर्लो म्हणाले. "पण बाई तर आल्यात."

"येता येणार नाही, हे सांगायला आल्यात."

"म्हणजे आल्यात." थर्लो माणूस सज्जन होते. "आता जमलोच आहोत, तर मुख्य सुनावणीही दुपारी उरकून टाकू. बाईंना पुन्हा हेलपाटा नको."

"आमची हरकत नाही," व्हिटकोमबाई म्हणाल्या. "आमचे साक्षीदार वरच्याच मजल्यावर बसतात."

दुपारी ते जिन्यानं खाली आले आणि साक्ष देऊन वर गेले. मग थर्लोंनी मार्लीनकडे पाहिलं.

"ड्वेन फोनवर बोलेल, साहेब. वाट बघत बसलाय."

"फोनवर कोण बोलतंय, हे आम्ही कसं ओळखायचं?" व्हिटकोमबाईंनी विचारलं.

"सोपं आहे, बाई. दर तीन शब्दांनी दम घ्यायला थांबतो."

थर्लोंनी मान हलवली आणि 'साक्षीदार गैरहजर' असं लिहिलं. मग निकाल सांगितला. दुकान महिनाअखेर कंपनीच्या ताब्यात.

मंडळी उठली. मार्लीनने आपली खुर्ची टेबलाखाली सरकवली, मग वाव्हरांची. साक्षीदारासाठी बाजूला ओढून ठेवलेली रिकामी खुर्चीही सरकवायला ती गेली.

"राहू द्या हो," थर्लो म्हणाले. "आमचा माणूस आवरतो."

"हो साहेब," मार्लीन म्हणाली, आणि तिने ती खुर्ची दोन्ही हातांनी उचलून, आवाज न होऊ देता, जागेवर ठेवली.